लाल दोऱ्याचं माप

॥ श्री ॥

म्हैसूर,
१८ ऑगस्ट १९८६

ती. रुक्मामावशीस,
वनजाचा शि. सा. न. वि. वि.

दोन आठवडे पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. रागाव, पण पत्र पुरतं वाचून मग रागाव. मला चौथा महिना लागला आहे. घरात हे, सासूबाई आणि आता तू, एवढ्यांनाच ठाऊक आहे. गेल्या दोन्ही वेळा सगळ्यांना सांगून झालं आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं, मग एकेकाला पुन्हा सांगत बसावं लागलं. तेव्हा या खेपेला पाचवा पार पडेपर्यंत तोंड मिटून बसायचं ठरवलं आहे.

पण पोट काही तोंड मिटून बसत नाही. शाळेत दहा ते चार मी उभी असते. परकराची नाडी इतकी रुतते की संध्याकाळी कमरेभोवती लाल वळ उठलेला असतो. परवा ती सैल बांधली, तर प्रार्थनेच्या वेळी निऱ्या सुटायला लागल्या. हजेरीपट पोटाशी दाबून धरला आणि प्रार्थना संपेपर्यंत देवाला फक्त निऱ्यांचंच साकडं घातलं. मोठ्या बाई वरलक्ष्मी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना शंका आली असावी, पण काही विचारलं नाही.

घरी घालायला गाऊन घ्यावा म्हणून देवराज अर्स रस्त्यावर जाऊन आले. एक छान होता, पण त्याच्या किमतीत आमचा पंधरा दिवसांचा किराणा येतो, आणि वर गळ्यापासून पायापर्यंत झालरीच झालरी. फुटपाथवर स्वस्त मिळतात ते नायलॉनचे, त्यात अंग शिजून निघतं. सासूबाईंचं म्हणणं, त्यांच्यासारखं नऊवारी नेसावं, त्याला नाडीच लागत नाही. एक दिवस घरात नेसून पाहिलं. स्वयंपाकघरापासून न्हाणीपर्यंत जाताना तीनदा अडखळले, तेव्हा त्यांनीच ते सोडायला लावलं. त्या फार जपतात गं. त्यांच्या भाषेत सांगायचं तर मी सगळं 'सुम्ने', गपगुमान करायचं, म्हणजे सुम्ने बसायचं, सुम्ने खायचं, उगाच हालचाल करायची नाही.

तू बेळगावात अख्ख्या गल्लीच्या बायकांना शिवणं शिकवतेस, मग या भाचीसाठी काहीतरी सुचव ना. शाळेत साडीच लागते आणि घरी सैल काहीतरी हवं. खर्च बेताचा. आई गेल्यावर तूच वाढवलंस, आता पुन्हा कपडे शिवून घालायची पाळी तुझ्यावरच आली आहे.

यांचा येलवालपुढच्या कारखान्यातला पाळीचा घोळ चालूच आहे. तुझ्या गुडघ्यांना तेल लावतेस ना? माझ्यावरची माया नाडीसारखी आवळून नको, सैल असू दे.

तुझी,
वनजा

॥ श्री ॥

शहापूर, बेळगाव,
२५ ऑगस्ट १९८६

चि. सौ. वनजास,
अ. उ. आ.

पत्र वाचून देवापुढे साखर ठेवली आणि मग रडून घेतलं. आता दोन्ही झालं, कामाचं बोलू.

परकराची नाडी आजपासून बंद. तुझ्यासाठी बंडीला जोडलेला परकर शिवते. त्याचा सगळा भार खांद्यावर येतो, कमरेला काही नाही. छातीखाली एक रुंद पट्टी आणि तिला बटणांच्या तीन रांगा, म्हणजे पोट वाढेल तशी पुढची रांग लावायची. निऱ्या त्या पट्टीत खोचायच्या. साडी थोडी आखूड होईल, तर दोन बोटं खाली नेस. वरून कुणाला पत्ता लागणार नाही. घरच्यासाठी दोन गाऊन, मऊ सुती चिटाचे. इथे ठोक दुकानदार ओळखीचा आहे, उरलेले तुकडे स्वस्तात देतो. झालर एकही लावणार नाही, खिसा मात्र लावीन. पोटुशी बाईला दिवसभर काही ना काही खायला लागतं आणि ते ठेवायला जागा हवी.

मापं पाठव. टेपचे आकडे नकोत, तू गणितात कच्ची. दोरे पाठव. पांढरा दोरा छातीचा, निळा खांद्यापासून घोट्यापर्यंत, लाल पोटाचा. टोकाला गाठ मारायची. मापं स्वतः घेऊ नकोस, वाकून चुकतात. तुझ्या सासूबाईंना, भवानीबाईंना सांग. आणि लाल दोरा दर महिन्याला नवा पाठवायचा, म्हणजे पुढचे कपडे मी त्या बेताने करीन. दोरे पाकिटात घाल. आंतर्देशीय पत्रात काही घातलं की पोस्टवाले दंड लावतात, हे मास्तरणीला सांगावं लागतं हे माझं नशीब.

भिऊ नकोस असं मी लिहिणार नाही, कारण भीती मलाही वाटते. पण खा, झोप, आणि दर आठवड्याला चार ओळी टाक. भवानीबाईंना नमस्कार, मानाजीरावांना आशीर्वाद.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
मावशी

॥ श्री ॥

म्हैसूर,
६ ऑक्टोबर १९८६

ती. रुक्मामावशीस,
वनजाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पार्सल कधीच मिळालं आणि मी इतके दिवस नुसती दोन ओळींची पोच देऊन गप्प बसले, याबद्दल कान धरते. सहामाही परीक्षेचे पेपर होते.

मावशी, तो बंडी-परकर घालून पहिल्या दिवशी शाळेत गेले आणि मधल्या सुट्टीपर्यंत विसरूनच गेले की आपण काही घातलं आहे. वळ नाही, घाम नाही, निऱ्या जागच्या जागी. वरलक्ष्मीबाईंनी अखेर विचारलंच, मग त्यांना एकट्यांना सांगितलं. त्यांनी मला चौथीचा वर्ग दिला, तिथे बसायला खुर्ची आहे. त्यांना स्वतःसाठीही तसाच परकर हवा आहे, बाळंतपणासाठी नव्हे, नाडी त्यांनाही काचते म्हणून. गाऊनचा खिसा रोज भरलेला असतो. सध्या नंजनगूडच्या केळ्यांचे डोहाळे आहेत. खिशात केळं ठेवून त्यावर बसले, तेव्हापासून सासूबाई आधी खिसा तपासतात आणि मग मला बसू देतात.

सोबत दुसऱ्या महिन्याचा लाल दोरा आहे. दोन्ही वेळचे दोरे सासूबाईंनीच घेतले. मी दुपारी झोपले असताना घेतात म्हणे, मला कळतसुद्धा नाही. माझी झोप तुला ठाऊकच आहे. पाकीटही त्याच चिकटवतात.

एक तुलाच सांगते. पाचवा चालू आहे. मी आरशासमोर उभी राहत नाही आणि पोटाकडे बघत नाही. कपडे सैल आहेत ते बरं, बघावं लागत नाही. शाळेत वरलक्ष्मीबाई सोडून अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. आत काही हलतं का म्हणून सासूबाई रोज विचारतात. कधी वाटतं हललं, कधी वाटतं केळीच असतील. तपासणीची तारीख महिनाअखेर आहे. तोवर जायची मला इच्छा नाही, गेल्या वेळी तपासायला म्हणूनच गेले होते आणि तिथेच कळलं होतं.

दसरा सहा दिवसांवर आला. माझ्या वर्गातली दोन मुलं बन्नीमंटपाच्या मैदानावरच्या दसऱ्याच्या कवायतीत आहेत, पण एवढ्या गर्दीत सासूबाई मला पाठवणार नाहीत. त्यांनी इकडच्या रिवाजाप्रमाणे नवरात्राच्या बाहुल्या मांडल्या आहेत, त्यांच्यापुढे सुम्ने बसून असते.

तुझी माया अशीच पार्सलाने येत राहो.

तुझी,
वनजा

॥ श्री ॥

शहापूर, बेळगाव,
११ ऑक्टोबर १९८६

श्रीमती भवानीबाई विहीणबाईंस,
रुक्मिणीबाईचा सा. न. वि. वि.

हे पत्र मराठीच आहे, पण कानडी अक्षरांत लिहिते आहे. तुम्हाला वाचून घ्यायला वनजाला हाक मारावी लागू नये, एवढ्यासाठी. कृपा करून एकट्या असताना वाचा.

वनजाने पाठवलेला लाल दोरा काल मिळाला. गेल्या महिन्याचा मी जपून ठेवला होता. दोन्ही शेजारी शेजारी कापडाच्या मेजावर ठेवले. विहीणबाई, दोन्ही दोरे सारखे आहेत. केसाचाही फरक नाही. माझ्या डोळ्यांची चूक असेल म्हणून क्लासातल्या दोन मुलींना बघायला सांगितलं, कुणाचे ते न सांगता. त्यांनीही सारखेच सांगितले.

तीस वर्षं शिवते आहे. पोटुशी बाईचं पोट या दिवसांत महिन्याभरात दोन-तीन बोटं तरी वाढतं. वाढलं नाही याचा अर्थ काय, ते मला लिहायला सांगू नका. ती म्हणते, तारखेपर्यंत डॉक्टरकडे जाणार नाही. तुम्ही तिला आजच्या आज घेऊन जा. काहीही कारण सांगा, पण दोऱ्याचं सांगू नका. ती आधीच भेदरलेली आहे, पोटाकडे बघतसुद्धा नाही असं मला लिहिते.

रात्रीची गाडी पकडून यावंसं वाटतं, पण मी अचानक दारात दिसले तर तिला सगळं कळेल. तुम्ही काय ते लिहा. जे असेल ते लिहा. मी पोस्टमनच्या वाटेवर बसून आहे.

तुमची,
रुक्मिणी

॥ श्री ॥

म्हैसूर,
१५ ऑक्टोबर १९८६

श्रीमती रुक्मिणीबाईंस,
भवानीबाईचा नमस्कार.

आधी हे वाचा. पोर बरी आहे. पोटातलंही बरं आहे. तुमचं कागद काल आलं. वाचलं तशी उठले. रक्त वाढायच्या गोळ्या आणायच्या आहेत म्हणून वनजाला सांगितलं, रिक्षा बोलावली आणि डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी पोटाला नळी लावून ऐकलं. ठोके चांगले आहेत म्हणाल्या. वाढ महिन्यासारखीच आहे म्हणाल्या. वनजा बाहेर आली ते हसत आली. 

आता माझं ऐका. मला तुमच्यासारखं लिहायला येत नाही, आमची मराठी ही अशीच कानडीत कालवलेली. पण हे दुसऱ्या कुणाकडून लिहून घेण्यासारखं नाही.

तो दोरा मी वनजाच्या पोटाला लावलाच नाही. दोन्ही वेळा तिच्या जुन्या परकराच्या कमरेला लावला, गाठ मारली आणि पाकिटात घातला. ती झोपलेली असताना माप घेतलं म्हणून तिला खोटं सांगितलं. दुसऱ्या वेळी थोडं वाढवून गाठ मारायची अक्कलसुद्धा मला सुचली नाही. तुम्ही दोन्ही दोरे शेजारी ठेवून बघाल, हे मला कुठे ठाऊक?

का म्हणून विचाराल. तीन वर्षांमागे, तिच्या दुसऱ्या वेळी, मी हौसेने चोळी शिवायला काढली होती. मीच तिला उभं करून पोटाभोवती दोरा धरला, गाठ मारली. आमच्या सासूबाई सांगायच्या, भरल्या पोटाला दोरा घालून गाठ मारू नये, आतलं जीव बांधलं जातं. ते मला आठवलं होतं. आठवूनसुद्धा मी ते हसण्यावारी नेलं. त्यानंतर पाचव्या दिवशी सगळं गेलं. अय्यो, रुक्मिणीबाई, ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. मानाजीला सांगितलं नाही, वनजाला तर नाहीच. ती चोळी अजून तशीच कापलेली पडून आहे, शिवलेली नाही.

तुम्ही शिकलेल्या, तुम्ही म्हणाल हे सगळं खुळेपणाचं आहे. असेल. मलाही दिवसा तसंच वाटतं. पण दोरा हातात घेतला की हात वर येत नाही. आणि तुम्हाला नाही म्हणून कळवायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

माप मला ठाऊक नाही असं समजू नका. ती खाली बसून पेपर तपासते, उठताना मीच मागून धरून उठवते. दोन्ही हात तिच्या पोटाखालून पुढे नेते आणि बोटं गुंतवते. गणपतीत माझी बोटं एकमेकांत पुरती गुंतत होती. महालयाला नुसती टोकं लागत होती. आता टोकंही लागत नाहीत, मध्ये तीन बोटांची जागा राहते. रोज हात पुढे नेताना भीती वाटते, आणि बोटं लागली नाहीत की मला बरं वाटतं. या मापावर शिवता येत असेल तर शिवा. दुसरं माप माझ्याकडून होणार नाही.

वनजाला यातलं काही सांगू नका, पाया पडते. तुम्हाला इतक्या रात्री झोप लागली नसेल, त्याची क्षमा करा.

तुमची अपराधी,
भवानी

॥ श्री ॥

शहापूर, बेळगाव,
२१ ऑक्टोबर १९८६

श्रीमती भवानीबाईंस,
रुक्मिणीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पहिल्या चार ओळींपर्यंत वाचलं आणि तसंच उराशी धरून बसले. पुढचं संध्याकाळी वाचलं. राग आला का म्हणाल तर आला, चांगला आला. क्लासातल्या मुलींवर काढला, त्यांच्या काजांत सतरा चुका काढल्या. आता तो संपला.

विहीणबाई, या गल्लीतल्या किती पोटुश्यांना मी टेप आणि दोरे लावले, त्यांची मोजदाद नाही. त्यांची पोरं आज माझ्याच ओट्यावर दंगा करतात आणि माझे खडू पळवतात. तुमच्या दोऱ्याने काही झालं नाही. कशानेच झालं नाही, ते व्हायचं होतं म्हणून झालं, असं त्या वेळच्या डॉक्टरांनीही लिहून दिलं होतं. तुम्ही तीन वर्षं हे एकट्या उरावर घेऊन फिरलात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मी एक विश्वास मोडते आहे. वनजाने मला त्याच वेळी लिहिलं होतं की हे तिच्यामुळेच झालं. वर्गात भारताचा नकाशा लावायला ती बाकावर चढली होती, हात ताणून खिळ्याला दोरी अडकवली होती. हे तिने मानाजीरावांना सांगितलं नाही आणि तुम्हाला तर नाहीच, कारण तुम्ही तिला सुम्ने बसायला बजावलं होतं. तुम्ही दोघी एकाच घरात, एकाच चुलीपाशी, आपापला दोष लपवून बसल्या आहात. मला गप्प राहायला सांगितलंत, मी गप्प राहीन. पण तुम्ही बोला. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. ती पोटाकडे बघत नाही, तिला बघायला लावणं तुमच्याच हाती आहे.

सोबत नवा गाऊन पाठवते. याला माप लागत नाही. खांद्याला फक्त एक पट्टी आहे, तिच्याखाली सगळ्या चुण्या आणि कापड दुप्पट घेराचं, नवव्या महिन्यापर्यंत पुरेल. पुढे बटणं आहेत, अंगावर पाजताना उपयोगी पडतील. हो, पाजताना. मी तसं लिहिलं आहे आणि ते खोडणार नाही.

तुमच्या बोटांमधली जागा किती वाढली ते मात्र दर पत्रात कळवत जा.

तुमचीच,
रुक्मिणी

॥ श्री ॥

म्हैसूर,
१० नोव्हेंबर १९८६

ती. रुक्मामावशीस,
वनजाचा शि. सा. न. वि. वि.

तू आणि सासूबाई माझ्या पाठीमागे कानडी अक्षरांत पत्रव्यवहार करत होतात, हे मला दिवाळीत कळलं. मास्तरणीच्या नाकाखाली चिठ्ठ्या! पहिल्या बाकावर उभं करायला हवं दोघींना.

नरकचतुर्दशीला पहाटे त्या माझ्या पाठीला तेल लावत होत्या. लावता लावता थांबल्या. मला वाटलं तेल संपलं. मागे वळून बघितलं तर पाटावर बसून रडत होत्या. मग सगळं सांगितलं. चोळीचा दोरा, ही दोन खोटी मापं, तुझं पत्र, डॉक्टरीणबाईंकडची ती गोळ्यांची थाप. मावशी, खोटं का सांगू, क्षणभर मी फार चिडले. दोऱ्यासाठी नाही. तू तिकडे इतके दिवस काय सोसलं असशील, ते डोळ्यांपुढे आलं. मी काहीतरी लागट बोलणार होते. पण त्यांच्या हातांना तेल लागलेलं, त्यामुळे त्यांना डोळेही पुसता येत नव्हते. मग मीच माझ्या पदराने पुसले.

आणि मग मी नकाशाचं सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं. त्या चकित होऊन ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, मानाजी पोटात होता तेव्हा त्या सातव्या महिन्यात शिडीवर चढून अख्ख्या घराला चुना लावत होत्या आणि बघ तो कसा रेड्यासारखा आहे. हे बाहेर अभ्यंगासाठी ताटकळत उभे होते, त्यांनी विचारलं रेडा कोण. आम्ही दोघी रडता रडता इतक्या हसलो की पाणी निवून गेलं आणि यांना थंड पाण्याने आंघोळ करावी लागली.

पाचवा कधी संपला ते कळलंच नाही. सहावाही संपत आला. तुझा घेरदार गाऊन घालून काल आरशापुढे उभी राहिले. बाजूने बघितलं, समोरून बघितलं. केवढी झाले आहे गं! आणि आत जे हलतं ते केळी नव्हे, याची आता खात्री पटली आहे. शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं. बाळंतपणाला तुझ्याकडे यायचा माझा हट्ट होता, पण डॉक्टरीणबाई एवढ्या लांबचा प्रवास नको म्हणतात, तेव्हा तूच इकडे ये. फेब्रुवारीच्या बावीस तारखेचं तिकीट काढ. वरलक्ष्मीबाईंचा परकर आणायला विसरू नकोस, त्या रोज विचारतात.

सासूबाईंनी सांगायला सांगितलं आहे, आता पाच बोटांची जागा.

तुझी, बरीच वाढलेली,
वनजा

॥ श्री ॥

म्हैसूर,
१४ फेब्रुवारी १९८७

श्रीमती रुक्मिणीबाईंस,
भवानीबाईचा नमस्कार.

तार मिळालीच असेल. तारेत काय मावतं, म्हणून कागद लिहिते.

तुमच्या तिकिटाची वाट बघायला तयार नव्हती. मुलगी आहे. बुधवारी सकाळी सात वाजता झाली. वजन सहा पौंडाला थोडं कमी, पण रडणं मोठं. वनजाला त्रास झाला, आता बरी आहे. आज दुपारी घरी आणलं. दवाखान्यात तुमचाच गाऊन होता अंगावर, नर्सबाईंनी कुठे मिळतो म्हणून विचारलं. मानाजी कारखान्यात पेढे वाटायला गेला तो अजून आला नाही.

वनजा आता गाढ झोपली आहे. मी मेल्ले बोलते, मेल्ले चालते, दारावरची कडीसुद्धा वाजू देत नाही. नाव काय ठेवायचं ते तुम्ही आल्यावर ठरवू, तोपर्यंत बाळ म्हणतो. घाई नाही आता. तुम्ही सावकाश या, गुडघे सांभाळून या, आल्यावर महिनाभर राहायचं, आधीच सांगून ठेवते.

अक्षर वाकडं आलं आहे, समजून वाचा. एका हाताने लिहिते आहे, कागद घसरतो. दुसरा हात मोकळा नाही, त्यावर ती झोपली आहे.

तुमची,
भवानी